हशा लावणारे भावोजी

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हशा लावायचे. ते काय काम करतात असं कुणी विचारलं, तर पूर्वी मी "ध्वनिमुद्रणात आहेत" असं सांगून मोकळा होत असे. पण लोक तेवढ्यावर थांबत नाहीत. मग खरं सांगावं लागतं. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत कुणी काही बोललं की मागून न दिसणारी माणसं हसतात. ते हसणं कुठून सुरू करायचं, किती वाढवायचं आणि कुठे थांबवायचं, हे भावोजी ठरवायचे. आजवर एकाच मालिकेसाठी त्यांनी हे काम केलं. त्यांची मुलगी पहिलीत होती तेव्हा ती मालिका सुरू झाली. आता मुलीची मुलगी पहिलीत आहे आणि मालिका चालूच आहे. हे कौतुकाने सांगतोय असा कुणाचा गैरसमज होऊ नये.

भावोजी स्वतः हसत नाहीत. तुसडे आहेत म्हणून नाही, सवयच तशी. समोरचा माणूस गंमत सांगू लागला की ते छताकडे बघत ऐकतात, आणि जिथे हशा यायला हवा तिथे उजव्या हाताचं बोट टेबलावर टक् करून आपटतात. गोष्ट संपली की म्हणतात, "बरी होती. शेवटचा शब्द जरा उशिरा आला." आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाने एकदा त्यांना विनोद सांगितला होता. तो अजून मला विचारतो, "तुमचे मेहुणे नाराज तर झाले नाहीत ना?"

याउलट माझी ताई. तिचं हसू आधी आत ओढलेल्या श्वासासारखं येतं, क्षणभर अडकतं, आणि मग फुटतं. शिवाय ती सगळ्यांच्या आधी हसते. सांगणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायचं असतं आणि हिला पुढचं कळलेलं असतं. लहानपणी यापायी तिने माझ्या किती गोष्टी वाया घालवल्या, त्याची मोजदाद नाही.

मालिका सुरुवातीला खरोखर चांगली होती. चौथ्या मजल्यावर राहणारं एक कुटुंब आणि कायम बंद असलेली लिफ्ट, एवढंच भांडवल. जो येईल तो धापा टाकत येणार, दम लागलेला असताना अर्धंच वाक्य बोलणार, आणि त्या अर्ध्या वाक्यावरून घरात गोंधळ होणार. घरातले आजोबा प्रत्येकाला आधी पाणी द्यायचे आणि मग चुकीचा सल्ला. त्या काळी चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं. काम करणाऱ्यांच्या घरची मंडळी बाकांवर बसायची, छतावरून माइक लोंबायचे, आणि तिसऱ्या बाकावर आमची ताई.

पुढे प्रेक्षक बोलावणं बंद झालं. भावोजींकडे जुनी हसणी साठवलेली होती, ती कापून जोडून ते काम भागवू लागले. इथपर्यंत तक्रार नव्हती. तक्रार मालिकेची होती. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आमच्याकडे खुर्चीचासुद्धा दरवर्षी घसारा धरतात. विनोदाचा कुणी धरत नाही, आणि जुन्याच किमतीला तो वर्षानुवर्षं चालवतात. आधी लिफ्ट दुरुस्त केली. मग घरातला काका, जो पोस्टात होता, तो काही न सांगता बँकेत गेला. सून स्मृती हरवून बसली, ती परत आली, मग सासू हरवून बसली. आणि ज्या दिवशी आजोबा परत आले, त्या दिवशी मी ताईकडे जेवायला होतो.

"भावोजी, हे काय? आजोबा वारले होते ना?"

"हा जुळा भाऊ."

"जुळा? मग इतकी वर्षं एकदाही घरी आला नाही?"

आतून ताई म्हणाली, "कसा येईल? लिफ्ट बंद होती ना."

आणि स्वतःच हसली. भावोजींचं बोट टेबलावर बरोबर त्याच क्षणी टेकलं होतं. त्या भागातला तो एकच हसण्यासारखा विनोद, आणि तो स्वयंपाकघरातून आला होता.

"लेखक बदललाय," भावोजी म्हणाले.

"पुन्हा?"

"पहिला गेला. मग त्याचा मेहुणा लिहायचा. आता एक टोळी आहे."

"आणि तुम्ही त्या टोळीच्या लिखाणावर माणसं हसवता."

"मी हशा लावतो," ते शांतपणे म्हणाले. "विनोद लावायचं काम माझं नाही."

याच्याशी भांडण तरी कसं करायचं?

पेच आला तो शेजारच्या औषधवाल्याच्या बायकोमुळे. एक दिवस जिन्यात ती ताईला म्हणाली, "काय हो, काल त्या आजीच्या गुडघ्यावर किती हसलात!"

"मी? काल मी माझाच गुडघा शेकत पडले होते."

"अहो, टीव्हीतून. तुमचं हसू भिंतीतून इतकी वर्षं ऐकतेय मी, मला ओळखू येणार नाही? पण खरं सांगू, मला नाही आवडलं. गुडघेदुखीवर काय हसायचं?"

ताईने मालिका बघणं केव्हाच सोडलं होतं. त्या आठवड्यात ती आवाज मोठा करून टीव्हीसमोर बसली. मीही होतो. पडद्यावर आजी खुर्चीतून उठली, तिच्या गुडघ्यातून जुन्या दाराच्या बिजागरीचा आवाज आला, आणि हशा सुरू झाला. आधी आत ओढलेला एक श्वास, क्षणभर अडकलेला, मग सगळे. ताईने टीव्ही बंद केला.

"हे माझं आहे?"

"हो," भावोजी म्हणाले.

"कधीपासून?"

"प्रेक्षक बंद झाले तेव्हापासून."

"मला विचारलंत?"

"हसताना तू तरी कुणाला विचारलंस?"

"मी लिफ्टला हसले होते. आजोबांच्या सल्ल्यांना हसले होते. म्हातारीच्या गुडघ्याला मी जन्मात हसलेली नाही."

"अगं, आवाजात तसं काही वेगळं नसतं."

"माझ्या आवाजात असतं. काढा ते."

भावोजींनी समजावून पाहिलं. माणसं एकदम हसत नाहीत. कुणीतरी एक आधी हसतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. साठवलेल्या सगळ्या हसण्यांत आधी हसणारी ताई एकटीच. म्हणून प्रत्येक हशाच्या तोंडाशी तिचा तो श्वास जोडावा लागतो. "तो काढला तर बाकीचे हसत नाहीत. फळीवरून भांडी पडल्यासारखे कोसळतात."

"पडू द्या. भांडी तुमची, फळी तुमची."

भावोजींनी तेव्हा ऐकलं नाही. कामाला बट्टा लागेल असं काही ते हातून होऊ देत नाहीत. आणि ताईने भांडण वाढवलं नाही. तिने फक्त हसणं बंद केलं.

आधी माझ्या ते लक्षात आलं नाही. मग एका रविवारी मी कचेरीतली गोष्ट सांगत होतो. आमचे साहेब स्वतःची नवी फिरती खुर्ची फिरवून दाखवायला गेले आणि भिंतीकडे तोंड करून अडकले, आणि त्याच अवस्थेत त्यांनी एका माणसाची रजा नामंजूर केली. गोष्ट चांगली होती. ताईचा तो श्वास आत गेला, आणि तिने तोंडावर हात दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही.

"नको रे. हे लगेच उचलतील."

"मी घरात माइक लावत नाही," भावोजी म्हणाले.

"तुमचा काय भरवसा? उद्या कुणी जिन्यावरून पडलं की मी हसताना ऐकू येईन."

असे बरेच आठवडे गेले. नात तोंड वाकडं करून दाखवी, ताई नुसती मान हलवी. माझ्या गोष्टींना भावोजींचं बोट ठरल्या जागी टेबलावर टेके आणि त्यानंतर काहीच येत नसे. त्या टक् नंतरची शांतता फार वाईट होती. ज्या माणसाने सगळ्या गावाला हसवायचं, त्याच्या घरात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी मनातून दोघांवरही चिडलो होतो, आणि त्या टोळीवर सर्वांत जास्त.

अखेर भावोजींनी कुणाला न सांगता ताईचं हसू सगळीकडून काढलं. मला ते पुढचा भाग बघताना कळलं. प्रत्येक वाक्यानंतर भांडी कोसळत होती. दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. हा दिग्दर्शक म्हणजे निर्मात्याचा पुतण्या. तो फोनवर इतका मोठ्याने बोलतो की फोनची गरजच नसावी.

"काका, हशाला काय झालंय? मेल्यासारखा वाटतोय!"

"विनोदाला शोभेल असा लावलाय."

"थट्टा करू नका. त्या काकूंचं हसू कुठे गेलं?"

"त्यांनी परत मागितलं."

"मग नवीन घेऊ! काकूंना घेऊन या, बाकावर बसवू, नवा भाग दाखवू, ताजं हसू!"

भावोजी नको म्हणणार होते, पण ताईने सगळं ऐकलं होतं. ती फोनच्या दिशेने म्हणाली, "येते मी. पण हसण्यासारखं असेल त्यालाच हसेन."

"म्हणजे काय काकू, सगळं हसण्यासारखंच आहे!"

ताई मला म्हणाली, "तू चल. मला तिथे एकटीला नको."

जुन्या हॉलमध्ये आता मोडक्या देखाव्यांचा ढीग होता. बाक तेच होते. ताई तिसऱ्या बाकावर बसली, मी शेजारी, मागे सुतार, इस्त्रीवाला आणि केशभूषाकार असे हाती लागले ते बसवलेले. भावोजी काचेमागे त्यांच्या यंत्राशी. माइक उघडे असल्याचा लाल दिवा लागला आणि पडद्यावर नवा भाग सुरू झाला. जुळ्या आजोबांनी पोपट आणला होता. पोपट सुनेची नक्कल करत होता. ताई दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी बसली होती.

दिग्दर्शक येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "काकू, पोपट बोलतो तिथे."

"ऐकलं मी."

"मग?"

"त्या बिचाऱ्याला शिकवलं तेवढं तो बोलला. त्याला काय हसायचं?"

"पुन्हा दाखवू?"

"दाखवा. पण मला त्याची दयाच येणार."

"थांबा, तुम्हाला गंमत लक्षात येत नाहीये. मी स्वतः करून दाखवतो." तो उठला. हॉलच्या कडेला चौथ्या मजल्याचा देखावा उभा होता, आणि मधोमध मालिकेची नवी लिफ्ट. तिला आपोआप सरकणारी चकचकीत दारं होती. दोन्ही हातांचे पंख करून तो लिफ्टमध्ये शिरला. "आता दार उघडलं की मी पोपट," असं म्हणाला आणि दारं मिटली.

ती उघडली नाहीत.

आतून आवाज आला, "झालं. उघडा."

सुतार सावकाश जवळ गेला. "साहेब, आतलं बटण दाबा."

"दाबलं!"

"मग अवघड आहे. जुनी लिफ्ट बंदच असायची, म्हणून तिला मागून दार ठेवलं होतं. ही चालू लिफ्ट आहे. ही बंद पडली तर काय करायचं, ते ठरलेलं नाही."

"अरे, मग मी काय करू?"

सुताराने क्षणभर विचार केला. "पाणी देऊ का?"

माझ्या शेजारी श्वास आत ओढला गेला, अडकला, आणि ताई फुटली. इस्त्रीवाला तिच्या मागे गेला, केशभूषाकार त्याच्या मागे, मग मी, मग सगळा हॉल. आतून दिग्दर्शक ओरडत होता, "कोण हसतंय?" आणि त्याने ते आणखी वाढत होतं.

मी काचेकडे पाहिलं. लाल दिवा चालू होता. हॉलमधलं सगळं यंत्रात जात होतं, इतकं ताजं आणि नितळ हसू भावोजींना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांचा हात बटणांवर होता. ते ताईकडे बघत राहिले. मग त्यांनी दिवा घालवला, आधी घेतलेलं पुसलं, आणि बाहेर येऊन बाकावर तिच्या पलीकडे बसले. ते हसले नाहीत. त्यांनी बोट गुडघ्यावर टेकवलं, टक्, आणि ताईला दुसरी उबळ आली.

सुताराने दाराची फळी काढली तेव्हा दिग्दर्शक घामाघूम होऊन बाहेर आला. पहिला प्रश्न हाच, "काका, काकूंचं ते घेतलंत ना? अगदी पहिल्यासारखं होतं!"

"यंत्र बंद पडलं होतं."

"नेमकं आत्ता? बंद कसं पडलं?"

"इतकी वर्षं लिफ्ट बंद पडलेली होती," भावोजी म्हणाले, "तेव्हा कुणी विचारलं नाही."

आता मालिकेला बाहेरून विकत आणलेला हशा लावतात. ती माणसं गुडघ्याला, पोपटाला आणि मृत्युपत्राच्या वाचनाला सारख्याच उत्साहाने हसतात. भावोजींना इतर आवाजांवर नेमलंय. दार वाजणं, कप फुटणं आणि पोपट, हे त्यांच्याकडे. मालिका बंद होईल ही आशा मी सोडली आहे. माझी निवृत्ती तिच्या आधी होणार, हे नक्की.

परवा जेवताना भावोजींनीच बातमी दिली की आजोबांचा आणखी एक भाऊ येतोय.

मी पानावरून उठायचाच बाकी होतो. "तिसरा? म्हणजे तिळे? आणि हा इतके दिवस होता कुठे?"

भावोजींनी छताकडे पाहिलं, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "तळमजल्यावर."

ताईचा श्वास आत गेला. या वेळी हात तोंडाकडे गेला नाही. ती इतकी हसली की औषधवाल्याच्या बायकोने भिंतीवर थाप मारून विचारलं, "मालिका लागली का हो?"

"नाही हो," ताई डोळे पुसत ओरडली, "घरचंच आहे!"