प्रफुलचा ढोल आणि माझा नऊशेचा घाव

सलीमभाईंच्या सायबर कॅफेचे किस्से सांगायला बसलं, की एक संपत नाही तोच दुसरा पुढे येऊन बसतो. आणि माझं दुखणं असं, की किस्सा कुठूनही सुरू करा, शेवटी तो प्रफुलचाच होतो. त्या टोळीचा कप्तान मी होतो, हे सांगायला मधे जागाच सापडत नाही.

दिग्रसच्या बसस्टँडमागे हा कॅफे. कापसाची ती वाईट वर्षं. जिनिंगचा सीझन सुरू झाला म्हणेस्तोवर आटोपायचा, त्यामुळे प्रेसवर कामाला असलेला गजू भरदुपारी मोकळा. कॉलेज बुडवून मी आणि प्रफुल. तिघं मिळून एक ऑनलाइन गेम खेळायचो. प्रत्येकाचा एक वीर, त्याच्या काही विद्या, आणि घाव घातला की राक्षसाच्या डोक्यावर लाल आकडा उडायचा. तो डॅमेज. ज्याचा आकडा मोठा त्याची कॉलर ताठ. माझा नऊशे यायचा. टोळीत सगळ्यात मोठा.

*

कोणाच्या घावाने राक्षस किती खचेल, हे आधी काढावं लागायचं. एकदा विद्या वापरली की ती परत तयार व्हायला वेळ लागे. लाइट गेली की आम्ही कॅफेच्या कायम बंद असलेल्या दुसऱ्या शटरवर आतून खडूने हेच गणित मांडत बसायचो. गजूचा घाव शंभराचा, त्याची विद्या तिप्पट करणारी, म्हणजे तीनशे. त्यातून राक्षसाच्या चिलखताचे वीस वजा. दोनशे ऐंशी, असं मी छातीठोकपणे लिहिलं. लाइट आली, गजूने मारलं, स्क्रीनवर दोनशे चाळीस.

"गेमच खोटा हाय," मी म्हटलं.

प्रफुलने गजूला विचारलं, "मार्केटात कट्टी कधी कापते बे? भाव लावाच्या आधी का नंतर?"

कट्टी म्हणजे ओलावा आहे, कचरा आहे असं म्हणत व्यापारी वजनातून जे कापतो ते. गजू म्हणाला, "आधी वजनातून कापते, मंग भाव."

"मंग चिलखत बी आधीच काप ना."

शंभरातून वीस गेले, ऐंशीचे तिप्पट दोनशे चाळीस. त्या दिवसापासून आम्ही चिलखताला कट्टीच म्हणू लागलो. हे मला सुचायला हवं होतं हो. अडत्या मामा माझा आहे, प्रफुलचा नाही!

*

एवढं डोकं असलेल्या माणसाने वीर कोणता निवडावा? ढोलवाला! माझ्या वीराच्या मागे उभा राहून ढोल बडवायचा, बस. त्याने स्वतः मारलं तर सात नाहीतर आठ. राक्षसाला डास चावल्यासारखं. ढोलाची माहिती इंग्रजीत परिच्छेदभर लिहिलेली होती, ती वाचायची गरज आम्हाला वाटली नाही. मी तर खूश होतो. निदान आकड्यात तरी तो माझ्या खाली होता.

"तू काहून नाही घेत तलवार?" गजूने एकदा त्याला विचारलं.

"मले ढोलच बरा," तो म्हणाला.

*

नेरलाही अशीच एक टोळी होती. एकदा त्यांचा कॅफेत फोन आला, मोठ्या राक्षसाचं गणित अडलं होतं. सलीमभाई म्हणाले, "रुको, कप्तान को देता हूँ." मी केस सारखे करून उठलो. पलीकडून काहीतरी ऐकून सलीमभाईंनी मला हातानेच खाली बसवलं. "वो प्रफुल को माँग रहे है."

*

मग एक दिवस माझे वडील आले. कॉलेजातल्या कोणीतरी चुगली केली होती. पाय वाजवत आत शिरले, आणि मी टेबलाखाली जायच्या बेतात असताना त्यांची नजर शटरवरच्या आकड्यांवर गेली. "हे कोणं केलं?" प्रफुल उठला आणि त्यांना अपूर्णांक, टक्के, कट्टी सगळं समजावून सांगू लागला. वडील मान हलवत ऐकत राहिले, चहासुद्धा घेतला. घरी आल्यावर मला म्हणाले, "जाचंच असन, तर त्या पोराच्या बाजूले बसत जाय."

मार बसला असता तर बरं झालं असतं.

*

त्या वर्षांत शहरातले पत्रकार खूप यायचे. बातमी पाठवायला सलीमभाईंचंच इंटरनेट. त्यातल्या एकाने आमचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात डोक्याला हात लावून बसलेला प्रफुल, खाली छापलेलं, 'कापूसपट्ट्यातला चिंताग्रस्त तरुण'. तो राक्षसाची कट्टी मोजत होता! त्याच्या बाजूला माझं कोपर आलं होतं, बाकीचा मी कापला गेलो. चिंताग्रस्त तर खरा मी होतो.

*

पुढे प्रफुलला पुण्याला नोकरी लागली. आम्ही त्याला पुण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. गजू रडला. मलाही भरून आलं, पण खरं सांगतो, आतून जरा हलकंही वाटलं. आता गणित मी करणार होतो.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली होती. प्रफुल सगळ्यांचे आकडे आधी सांगायचा, माझा कधीच नाही. मी विचारलं की म्हणायचा, "तू मार ना बे, येते बरोबर." मी म्हणायचो, जळतो हा माझ्या नऊशेवर.

तर त्याच आठवड्यात मी आणि गजू नेहमीच्या राक्षसावर गेलो. मी तलवार चालवली. सहाशे. पुन्हा चालवली. सहाशे. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, खुर्ची बदलली. सहाशेच. सलीमभाई म्हणाले, "मशीन गरम हुई होगी." शेवटी झक मारत प्रफुलला फोन लावला.

"जयभीम, बोल कप्तान."

"अबे, गेममधी काही बदललं काय? माहा घाव..."

"सहाशे येऊन राह्यला असन."

मी त्याला आकडा सांगितलाच नव्हता.

"तुले कसं मालूम?"

"तुहा तेवढाच हाय बे. पह्यलेपासून. वरचे तीनशे ढोलाचे."

मी फोन ठेवला. गजू माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणे प्रफुल?"

"काही नाही," मी म्हटलं. "सर्व्हर स्लो हाय म्हणे."