लेडीज टी

हसायचं तर हसा, पण तोंडातला घोट आधी गिळा. आमच्या सिल्वासातल्या गोल्फ क्लबात मी जे दिवे लावले, ते ऐकताना भल्याभल्यांना ठसका लागलाय!

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. सिल्वासा नुकतंच रीतसर भारतात आलं होतं. मी मूळचा चिपळूणचा, इथल्या शाळेत गणिताचा मास्तर. क्लबाचा सेक्रेटरी कसा झालो? सभेला उशिरा पोचलो, म्हणून! गोल्फमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं.

क्लब म्हणजे तरी काय? दमणगंगेच्या बाजूचं एक माळरान, त्यात चार-सहा भोकं आणि पत्र्याची एक पडवी. त्यातच कुणीतरी वर कळवलं, की एवढी जमीन मूठभर साहेबांसाठी कशाला? तिथे रोपवाटिका करा.

झालं! क्लबाचे अध्यक्ष म्हणजे बांधकाम खात्याचे साहेब. मुंबईचे, तापट. त्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, रविवारी पाहुणे तपासणीला येतायत. क्लब मूठभरांचा वाटायला नको, मैदानात बायका दिसल्या पाहिजेत. ताबडतोब लेडीज टी करा!"

मी मनात म्हटलं, बरोबर आहे, चहाशिवाय कोण येणार?

"कुठे करू, साहेब?"

"पुरुषांच्या टीच्या बराच पुढे."

पुरुषांचा चहा पडवीत असायचा. म्हणजे बायकांचा मैदानात! मला मोठं नवल वाटलं. पण म्हटलं, साहेब लोकांची रीत असेल.

"बसायला खुर्च्या?"

"बसायला? खुर्च्या कसल्या? जमिनीलगतच असतो तो. जागा सपाट करा, दोन्ही बाजूंना लाल खुणा लावा."

म्हणजे सतरंज्या! आणि लाल पताका. सगळं कसं चोख जुळत होतं, बघा तुम्हीच!

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, उन्हात, माळावर चहा? कोण येईल?"

"तू शेजारच्या जसूबेनना सांग."

जसूबेन म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. कचेरीतल्या कारकुनांच्या बायका, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्सबाई, दादऱ्याहून आलेली जसूबेनची नणंद, सगळ्यांना आवतण गेलं. प्रत्येकीला एकच उत्सुकता: मास्तर माळावर चहा का पाजतोय?

रविवारी ही गर्दी! सतरंज्यांवर जागा पुरेना. मधोमध चुलाणावर चहाचं पातेलं. मी कृतकृत्य होऊन पडवीपाशी उभा. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

साहेबांनी पाहुण्यांचं स्वागत केलं, काठी उचलली आणि समोर न बघताच पहिला चेंडू हाणला.

त्यांचा चेंडू एरवी कधी सरळ जायचा नाही. त्या दिवशी गेला. एकदम सरळ, हवेतून, थेट पातेल्यात! डुबुक!

मग जसूबेनचा आवाज सबंध माळावर घुमला. "मास्तर! चामां ईंडुं कोणे नाख्युं?"

चहात अंडं! शाकाहारी मंडळींचे पेले धडाधड खाली. एकीने तर चूळच भरली. मी धावत सुटलो, "अंडं नाही हो, चेंडू आहे, चेंडू!"

मागून साहेब आले, लालबुंद. "या बायका माझ्या वाटेत काय करतायत?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना, लेडीज टी..."

"अहो, टी म्हणजे चहा नव्हे! जिथून पहिला चेंडू मारतात ती जागा! बायकांची पुढे असते, त्यांना कमी अंतर पडावं म्हणून!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. क्लब तर बुडालाच, वर शाळेतही तोंड दाखवायची सोय उरली नाही.

इकडे जसूबेननी पळीने चेंडू बाहेर काढला, फुंकला, पदराने पुसला आणि निरखून पाहिला. "आने मारवानुं? बस एटलुं ज?" म्हणजे, याला मारायचं, एवढंच?

"हो, या काठीनं," साहेब गुरगुरले.

"लावो जोउं," म्हणत त्यांनी काठी मागून घेतली.

त्यांनी पदर खोचला, काठी कपडे बडवायच्या दांडक्यासारखी धरली आणि दिला एक दणका! चेंडू कुठे गेला म्हणता? पार खेरडी गावाच्या दिशेला! कुणालाच सापडला नाही.

मग काय! "मला बघू दे," "आता माझी पाळी," म्हणत बायकांची रांगच लागली. नर्सबाईंनी तर साहेबांचीच काठी हिसकावली. पाहुणे पोट धरून हसले आणि जाताना म्हणाले, "एवढ्या बायका खेळतात? मग मैदान इथेच राहू द्या."

मैदान वाचलं. बायका सभासद झाल्या, आमची हीसुद्धा. मग मलाही चेव आला. म्हटलं, सेक्रेटरीनं खेळायला नको? एका सकाळी सगळ्यांच्या देखत पुरुषांच्या जागेवर उभा राहिलो आणि जीव खाऊन काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. पुन्हा फिरवली. या खेपेला चप्पल उडाली.

जसूबेन जवळ आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "मास्तर, शरमावानुं नहीं हं. तमे अमारा लेडीज टीवरून मारो!"