तिसऱ्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट

दिवेआगरला आमच्या वाडीत आवाज असायचे ते रहाटाचे, झावळ्यांचे आणि दुपारी कुठेतरी नारळ पडल्याचे. वादळात निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झाली. भावाने पुन्हा रोपं लावली आणि तो तिथेच राहिला. मी मात्र अलिबागच्या शाळेत नोकरी मिळाली म्हणून इथे एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. नवरा मुंबईत नोकरीला. सोमवारी पहाटे मांडव्याला जाऊन बोट धरायची आणि शुक्रवारी परत यायचं, असा त्याचा आठवडा. त्यामुळे इमारतीतल्या सगळ्या कटकटींशी सोमवार ते शुक्रवार मी एकटीच तोंड देत असे.

कटकटी तशा फुटकळच होत्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गाडीला मागे घेताना गाणं वाजायचं, तेही पूर्ण. पाण्याची टाकी भरून वाहायला लागली तरी मोटार बंद करायला कुणी उतरायचं नाही. सगळे आपापल्या गॅलरीतून ‘अरे कुणीतरी बंद करा’ म्हणून ओरडायचे. आणि शनिवार-रविवार आला की समुद्रावर जाणारी मंडळी आमच्या फाटकासमोर आडवी गाडी लावून खुशाल निघून जायची. ह्या सगळ्याची मी हळूहळू सवय करून घेत होते. सवय होत नव्हती ती लिफ्टची.

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दोन दरवाज्यांची. कुणी नीट दरवाजा लावला नाही की ती जागची हलत नाही, आणि आतली बाई हिंदीत सांगत राहते, ‘कृपया दरवाजा बंद करें.’ माझी शाळा सकाळची. दुपारी भर उन्हात मी वह्यांचं ओझं घेऊन परत यायचे, बटण दाबायचे, आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उभीच्या उभी. वरून त्या बाईचा आवाज ऐकू यायचा. पुन्हा पुन्हा, न थकता. मी खालून हाका मारायचे, ‘दरवाजा लावा हो तिसऱ्या मजल्यावरचा!’ उत्तर नाही. मग जिना चढायचा. घरात शिरेपर्यंत डोकं असं तापलेलं असायचं की मी मागे न बघता दार ढकलून द्यायचे. धाडकन आवाज व्हायचा आणि त्या आवाजाने मला जरा बरं वाटायचं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, ‘मॅडम, नोटीस लावतो.’ नोटीस लागली. लिफ्टच्या आत, म्हणजे लिफ्ट खाली आली तरच वाचता येईल अशा जागी.

मग एका दुपारी भावाने गाडीवाल्याबरोबर शहाळी आणि नारळ पाठवले. भलंमोठं पोतं. गाडीवाला ते खाली टाकून घाईने निघून गेला. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट तिसऱ्यावर. वरून तीच विनवणी. त्या दिवशी मात्र मी माझ्या दाराशी थांबले नाही. पोतं खालीच ठेवलं आणि तरातरा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. काय काय बोलायचं ते जिन्यातच जुळवलं होतं.

वरच्या जिन्यात काळोख होता. शेजारी नवी इमारत उभी राहिल्यापासून आमच्या जिन्याच्या खिडक्यांतून उजेड येत नाही, आणि तिथला दिवा गेलेला होता. उजेड होता तो फक्त लिफ्टच्या आतल्या दिव्याचा. दरवाजे सताड उघडे, आणि त्या उजेडाच्या चौकोनात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली. नऊवारी, नाकात मोठी नथनी, मांडीवर सूप. सुपात सुकट होती आणि ती एकेक निवडून डोकी मोडत होती. लिफ्टमधली बाई म्हणाली, ‘कृपया दरवाजा बंद करें.’

‘करतंय, करतंय. दम धर जरा,’ म्हातारी तिला म्हणाली.

मला हसू आलं आणि जिन्यात जुळवलेलं सगळं विसकटलं. तरी मी म्हटलं, ‘आजी, तुम्ही रोज ही लिफ्ट अडवून ठेवता. आम्ही खाली ताटकळतो. मी हाका मारते तेही ऐकू येत नाही का?’

तिने मान वर करून मला नीट पाहिलं. ‘तू खालची मास्तरीन ना? दरवाजा आपटनारी?’

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, ‘तुझा सांगून झाला? आता माझा ऐक. माझी सून हॉस्पिटलात नर्स हाय. रातपाली करून येते. दुपारी जरा तिचा डोळा लागतो, की खालून धाड्! बिचारी दचकून उठते. मग परत झोप न्हाय. रोज. मी तिला बोलते, जाऊ दे, खालच्या घरात भांडनं होत असतील.’

‘आमच्याकडे भांडणं नाहीत होत,’ मी म्हटलं. ‘लिफ्ट मिळत नाही, जिना चढावा लागतो, म्हणून राग येतो आणि दार आपटतं.’

‘म्हनजे मी लिफ्ट थांबवते, म्हनून तू दरवाजा आपटते, म्हनून माझी सून उठते?’

‘असंच दिसतंय.’

ती इतकी हसली की सूप हललं. मग एकदम तोंडावर हात ठेवून तिने आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं. आत सून झोपली होती. मीही हळू आवाजात बोलायला लागले. सून झोपलेली असताना घरात खुडबुड नको, सुकटीचा वासही कोंडायला नको, म्हणून ती बाहेर येऊन बसत असे. मोकळं बसायची सवय नाही. आणि बाहेर हा काळोख, म्हणून उजेडासाठी लिफ्ट उघडी. ‘दिवा गेला तवापासून कोन बघत न्हाय. पोरगा गाडीवर असतो, आठ-आठ दिस घरी न्हाय.’ मुलाचे उरणकडे कंटेनरचे ट्रक होते. माझ्या हाका तिला ऐकू येत होत्या, पण उलट ओरडून उत्तर दिलं तर सून उठेल, म्हणून ती गप्प राहायची.

तिने खुर्ची मागे सरकवली, मी दरवाजे लावले आणि माझे नारळ लिफ्टने वर आले. दोन शहाळी मी तिच्याकडे देऊन आले. दार लावताना कडी हातात धरून सावकाश लावलं. फार विचित्र वाटलं ते, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरतेय.

शनिवारी नवऱ्याला स्टुलावर चढवलं. नवा बल्ब लावला, तो लागेना. होल्डरच जळलेला होता. गल्लीच्या तोंडाशी वायरमनचं दुकान आहे, त्याला फोन केला. ‘आलोच मॅडम, निघालोय,’ असं तो दोन दिवस म्हणत होता. शेवटी शाळेतून येताना मी दुकानात जाऊन बसले आणि त्याला सोबत घेऊनच आले. होल्डर बदलला, दिवा लागला. म्हातारीने दिव्याला हात जोडले आणि मग मलाही.

त्यानंतर लिफ्ट वेळेवर खाली यायला लागली. अधूनमधून चौथ्या मजल्यावरचे लोक दरवाजा उघडा टाकायचे, नाही असं नाही. पण मी आता दुपारी घरी जाण्याआधी सरळ तिसऱ्या मजल्यावर जायला लागले होते. दहा मिनिटं तिच्या शेजारी जिन्याच्या पायरीवर बसायचं, हळू आवाजात गप्पा मारायच्या. ती पेणकडची. त्यांची मिठागरं होती. तिच्या पायांवर अजून त्या कामाचे पांढरे वण होते. मिठागरं गेली, मुलाने ट्रक घेतले, सुनेला इथे हॉस्पिटलात काम मिळालं आणि म्हातारी तिसऱ्या मजल्यावर आली.

एकदा मी विचारलं, ‘आजी, बाजारात कधी दिसत नाही तुम्ही.’

‘जातंय कुठे? गुडघ्यानं जिना उतरवत न्हाय.’

‘मग लिफ्ट आहे की.’

तिने सुपातली सुकट चाळवली. मग म्हणाली, ‘त्यात मी न्हाय बसनार.’

या घरात आली त्याच दिवशी मुलाने तिला लिफ्टमध्ये घातलं होतं आणि दोन मजल्यांच्या मध्ये वीज गेली होती. बराच वेळ काळोखात. मुलगा सोबत होता, पण त्यालाच घाम फुटला होता. बाहेर काढल्यावर उरलेला जिना ती बसून, एकेक पायरी सरकत चढली. त्यानंतर ती खाली उतरली होती ती एकदाच, ताप आला म्हणून, मुलाच्या पाठीवर. इतके दिवस ती त्या उघड्या लिफ्टच्या पुढ्यात बसून होती आणि तिने आत पाऊल घातलं नव्हतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

‘वारा येतो इथं समुद्राचा,’ ती म्हणाली. ‘संध्याकाली तर भरपूर. पन तोंड न्हाय दिसत त्याचा.’

आमच्या इमारतीपासून समुद्र चालत जायच्या अंतरावर आहे. मी घरी आले. जेवताना घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘आज माझ्याकडे चहाला या. एकच मजला. मी आत असेन तुमच्याबरोबर.’

‘न्हाय गो बाय.’

‘मग नुसतं आत बसा. हलवायची नाही.’

तिची खुर्ची आम्ही लिफ्टच्या आत ठेवली. ती बसली. मी बाजूला उभी. आतल्या बाईने दरवाजा बंद करायला सांगितलं. म्हातारी म्हणाली, ‘उघडा राहू दे,’ आणि आम्ही तशाच राहिलो. त्यानंतर काही दिवस हेच. मग एक दिवस तिने स्वतःच जाळी ओढली, माझा दंड घट्ट धरला आणि डोळे मिटून म्हणाली, ‘दाब.’ एक मजला खाली यायला कितीसा वेळ लागतो! तेवढ्यात तिने सगळे देव आठवले. बाहेर आल्यावर डोळे उघडून माझं दार पाहिलं. ‘हाच काय तो दरवाजा?’ तिने तो एकदा स्वतः लावून बघितला. ‘वजनदार हाय. आपटनारच.’

रविवारी सुनेला सुट्टी होती. मी तिला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, ‘ताई, आम्ही किती सांगितलं, ऐकल्या नाहीत. तुमचं कसं ऐकलं?’ म्हातारी इरकली नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून तयार होती. लिफ्टमध्ये ह्या वेळी तिने डोळे उघडे ठेवले.

रिक्षा बोलावली होती, पण फाटकासमोर कुणीतरी गाडी आडवी लावून ठेवली होती. रिक्षावाला बाहेरून हॉर्न वाजवत होता. माझा पारा चढला. गाडीजवळ मुंबईकडचं एक तरुण जोडपं फोनवर रस्ता शोधत उभं होतं. मी तोंड उघडणार, तोच म्हातारी खुरडत पुढे गेली आणि तिने बॉनेटवर थाप मारली.

‘कोनाची रे गाडी? मना समुद्रावर जायचा हाय. किती दिवसांनी खाली उतरलंय मी, आन् तू आडवा!’

‘सॉरी आजी, दोनच मिनिटं लावली होती,’ मुलगा ओशाळून म्हणाला. ‘आम्हीपण बीचवरच चाललोय, पण मॅप भलतीकडेच दाखवतोय.’

‘मग चल. ही मास्तरीन दाखवेल रस्ता,’ असं म्हणून तिने मागचं दार उघडलंदेखील. त्या मुलीने चटकन मागच्या सीटवरच्या बॅगा उचलून पुढे घेतल्या. मी रिक्षावाल्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, ‘जावा वहिनी, बसली ती आता, उतरायची न्हाय.’

ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं आणि ओल्या वाळूवर माणसांची ही गर्दी. घोडागाड्या, फुगेवाले, फोटो काढणारे, सगळीकडे आरडाओरडा. एरवी मी रविवारी तिथे पाऊलही टाकत नाही. म्हातारीला एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्या मुलीने. वाळूत पाय रुतत होते, गुडघे दुखत होते, पण ती थांबेना. पाण्यापाशी पोचल्यावर तिने चपला माझ्या हातात दिल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मग वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

‘चांगला हाय,’ ती म्हणाली, जणू कालवणाला मीठ पुरेसं झालंय का ते बघत होती. ती मुलगी हसली आणि तिनेही बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं केलं. म्हातारीने तिच्या पाठीवर थोपटलं.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी फाटकापासून दूर, नीट बाजूला लावून त्या मुलाने आम्हाला दारापर्यंत सोडलं. लिफ्टचं बटण म्हातारीने दाबलं. एकदा दाबून तिचं समाधान होईना, तीनदा दाबलं.

आता ती एकटी ये-जा करते. वाटेत कुणी भेटलं की त्यालाही आत ओढून घेते, सोबत असलेली बरी म्हणून. दर रविवारी सकाळी, मी अजून पांघरुणात असताना, माझ्या दाराची बेल वाजते. एकदा नाही, ती बटणावर बोट ठेवते आणि काढत नाही. सुट्टीच्या दिवशी अशी बेल वाजवलेली मला मुळीच खपत नाही.

‘मास्तरीन! भरती हाय आज!’

‘आले, आले,’ म्हणत मी उठते.