टिटवीच्या अंड्यांभोवतीचे दगड

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ते दगड मीच काढले होते.

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत तेव्हा माळाचं गवत होतं. एक म्हातारी धनगरीण रोज तिथून शेळ्या न्यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. शेळी भरकटली तर ती ओरडायची नाही, नुसती काठी आडवी धरायची. टिटवीने उघड्यावर अंडी घातली, तेव्हा कुणाचा पाय पडू नये म्हणून तिने भोवती दगड मांडले.

लॉन करायचं ठरलं. जेसीबीवाला दगडांपाशी थांबला. "साहेब, अंडी हायत की हितं!"

मी कॉलनीचा चेअरमन. वाकून दगड बाजूला केले आणि म्हणालो, "चालू दे."

दुसऱ्या दिवशी ती विचारत होती, "दादा, दगड कुणी काढलं?"

"माहीत नाही, मावशी."

"न बघता काढलं असंल. बघून कोण काढंल?"

पाण्यावाचून लॉन दोन उन्हाळ्यांत करपलं. आता ती पदरातून माळावरच्या गवताचं बी आणते आणि चालता चालता चिमटीने टाकते. काल मला म्हणाली, "गवत आलं की किडं येत्यात, किड्यांमागं पाखरं. टिटवी बी यील की."

गवत उगवलंय. तिला अडवू नको, एवढं मी वॉचमनला सांगितलंय. खरं कळलं तर ती यायची थांबेल, अशी भीती वाटते. तरीही ते तिला माझ्याच तोंडून कळायला हवं, आणि ते अजून बाकी आहे.