थांबलेली पायरी

पुण्यात कोर्टाखालच्या मेट्रो स्थानकात दोन मार्ग भेटतात. तिथल्या सरकत्या जिन्यापाशी आई वाकली. नव्या जागी गेलं की पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायचा, ही तिची सवय. पण पायरी हाताखालून निघूनच गेली.

"ही थांबत नाही गं. तू जा कोर्टात, मी इथंच बसते."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. आज पहिल्यांदा वकिलाचा काळा कोट घातलेला, आणि तो बघायला आलेली आई खालीच राहणार? कॉलेजच्या पायरीलाही तिनं मला नमस्कार करायला लावला होता. मुली हसल्या, तरी मी केला. भीती तेवढ्यानंच गेली होती.

"आई, आधी पाय ठेव. नमस्कार वर करू."

तिनं माझा हात घट्ट धरला आणि पाय ठेवला. वर आल्यावर नदीवरचा पूल दिसला, मग कोर्टाची दगडी पायरी. ती थांबलेली होती. आम्ही दोघी वाकलो.