फणसाखाली बंद पडणारी गाडी

या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे, पण आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. खरं सांगायचं तर मी इथे तुमचे अनुभव वाचून हसायला यायचो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर दोन शेरे मारायचो. तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर ते मला चालेल.

मी मालवणचा. अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. दर वर्षी नव्या बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून द्यायचो - इंजिन कारणाशिवाय बंद पडत नाही. रिपेअर रिपोर्टमध्ये 'कारण' हा रकाना कोरा ठेवून 'दुरुस्त झाले' असं लिहिणाऱ्या कितीतरी पोरांना मी नापास केलंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बायकोच्या किडन्या गेल्या त्याच वर्षी. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कुडाळला डायलिसिस. सकाळी नऊचा नंबर. आपण अर्धा तास उशिरा पोचलो तर तो अर्धा तास तिच्या चार तासांतून जातो, कारण मागे पुढचा पेशंट बसलेला असतो. तेवढं पाणी अंगात राहतं आणि मग दोन दिवस तिला दम लागतो. सुरुवातीला एसटीने न्यायचो, पण येताना तिला उभं राहवेना. म्हणून कणकवलीच्या एका डीलरकडून जुनी डिझेल गाडी घेतली. जुन्या यांत्रिक पंपाची, सेन्सरबिन्सरची कटकट नसलेली. मागची सीट नंतर बसवलेली होती, बोल्ट नवे होते. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, गाडीला माशांचा वास येतो. मी म्हटलं, मालवणात कशाला येत नाही?

पहिल्या शुक्रवारी गाडी बंद पडली. चौके सोडून धामापूरकडे जाताना एक छोटी उतरण आहे, डाव्या हाताला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, आणि त्यावर झुकलेलं एक फणसाचं झाड. बरोबर त्या फणसाखाली. धक्का नाही, धूर नाही, ठसका नाही. कुणी चावी फिरवावी तशी बंद. सेल्फ मारला, इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही. पाच-सात मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो, परत सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात चालू. पुढे कुडाळपर्यंत काही नाही. येताना काही नाही.

डिझेलच्या लाइनीत हवा, दुसरं काय. विद्यार्थ्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. फिल्टर बदलला. पुढच्या मंगळवारी परत तिथेच. मग टाकी उतरवून जाळी धुतली. रिटर्नचे पाइप बदलले, तांब्याचे वॉशर बदलले. कुंभारमाठला सचिनचं गॅरेज आहे, माझाच जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा बाप्या. त्याच्याकडे गाडी टाकली. तो रविवारी गॅरेज बंद ठेवतो, बुधवारी सामान आणायला कणकवलीला जातो आणि मंगळवार-शुक्रवार गाडी मला हवी, म्हणून त्याने शनिवारी नेली, सोमवारी नेली, गुरुवारी पण नेली. त्याच रस्त्याने, त्याच वेळी, धामापूरपर्यंत. एकदाही बंद पडली नाही. "सर, गाडयेक कायएक झालेला नाय," म्हणाला. शुक्रवारी आम्ही निघालो आणि फणसाखाली गाडी बंद.

तुम्हाला सांगतो, असा संताप आयुष्यात आला नव्हता. बायको बाजूला बसून घड्याळ बघतेय. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या बायकोला सत्तावीस किलोमीटर नीट नेता येत नाही. एकदा तर मी टायरला लाथ मारली. पाय सुजला माझाच.

मग पद्धतशीर सुरुवात केली. वही घातली. तारीख, वार, वेळ, टाकीत डिझेल किती, इंजिन किती तापलेलं, आणि शेवटी 'कारण'. पंपावर डिझेल चालू-बंद करणारा विजेवरचा एक कॉक असतो, सोलेनॉइड म्हणतात. त्याचा करंट जात असेल म्हणून त्या वायरवरून एक छोटा बल्ब काढून डॅशबोर्डवर लावला. फिल्टरच्या पुढे पारदर्शक पाइप टाकला, हवेचे बुडबुडे दिसावेत म्हणून. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा बल्ब पेटलेला होता. पाइपात बुडबुडा नव्हता. सोलेनॉइड तरीही नवीन टाकला, उपयोग शून्य. डिझेल आहे, करंट आहे, कॉम्प्रेशन मी स्वतः मोजलेलं आहे... आणि इंजिन बंद. मंडळी, हे होऊच शकत नाही.

उतरणीमुळे असेल म्हणून तसल्याच दुसऱ्या चार उतरणींवर गाडी घातली. काही नाही. एका रविवारी आणि एका बुधवारी मी एकटाच तिथून गेलो, तेव्हा मात्र पडली. सचिनने हळूच सुचवलं, सर, एकदा थंय नारळ ठेवन बघा. मी त्याला असा झापला की तो आठ दिवस फोन उचलत नव्हता.

मेच्या शेवटी मी पंपच उतरवून कोल्हापूरला पाठवला, नवे सील बसवून आणले. आणि जूनपासून गाडी ठणठणीत. पूर्ण जून, जुलै, श्रावण, गणपतीसुद्धा. मी वहीत 'कारण: पंपाचे सील' असं लिहून खाली लाल पेनाने रेघ मारली. सचिनला बोलावून दाखवलं, नारळवाल्या, बघ म्हटलं.

गणपती गेले. त्यानंतरच्या मंगळवारी फणसाखाली गाडी बंद.

त्या दिवशी वीस मिनिटं उशीर झाला. घरी येऊन मी वही भिंतीवर फेकली आणि गाडी विकतो म्हणून जाहीर केलं. बायकोने ती उचलली आणि पलंगावर पडल्या पडल्या चाळत बसली. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अवो, हे सगळे माशांचे वार आसत."

मी म्हटलं, म्हणजे?

तिने बोट ठेवून दाखवलं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार एकदाही नाही. सचिनने नेली ते तिन्ही शिवराकाचे, म्हणजे शाकाहाराचे वार. जूनपासून बोटी बंद, मग श्रावण, मग गणपती. "आणि हो एक मंगळवार बघा," ती म्हणाली, "त्या दिवशी गाडी पडाक नाय. त्या दिवशी अंगारकी होती. तुमी माका उपास करूक दिलास नाय, म्हणान लक्षात आसा."

मी पंचांग काढून बघितलं. अंगारकीच होती.

मी काय केलं असेल? भांडलो. योगायोग म्हटलं, अडाणी म्हटलं, नको ते म्हटलं. ती कूस बदलून झोपली.

शुक्रवारी सकाळी आठला फणसाखाली गाडी बंद पडली. मी बॉनेट उघडायला उतरलो, तर ही पण उतरली आणि गडग्याच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, जाऊन उभी राहिली. वर झाडीत एक कौलारू घर दिसतं, तिथून चिऱ्याच्या पायऱ्या खाली येतात. पाच-सात मिनिटांनी नेहमीप्रमाणे गाडी चालू झाली. मी हाक मारली. ती हलेना. म्हणाली, जरा थांबूया. मी ओरडलो, अगं नऊचा नंबर आहे, कुणासाठी धावपळ करतोय मी. तिने ऐकलं नाही, तिथेच गडग्यावर बसली. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि पायऱ्यांवरून एक बाई आली. सत्तरीची, गुडघे गेलेले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. हातात टोप. नजर अधू असावी, कारण ती आमच्याकडे बघतच नव्हती, थेट गाडीकडे बोलत आली.

"थांबलंस एकदाचो," ती म्हणाली. "इतके दीस मी खाली येयसर जातंस निघान. रागावलंस काय रे बाबी?"

माझ्या हातात पाना होता, तो तसाच राहिला. बायकोने तिला धरून गडग्यावर बसवलं आणि आम्ही कोण ते सांगितलं. मग कळलं ते असं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा कुणी बाबी या गाडीतून मासे विकायचा. मागची सीट काढून टोपल्या ठेवायचा. धामापूर, काळसे करत कुडाळपर्यंत जायचा, पण भवानी, म्हणजे सकाळची पहिली विक्री, याच बाईच्या हातची घ्यायचा; काकी म्हणायचा तिला. तिच्या हाताला यश आहे असं त्याचं म्हणणं. ती खाली येईपर्यंत गाडी बंद करून फणसाखाली विडी ओढत बसायचा. तिने दिलेली नोट स्टेअरिंगला लावून मगच पुढे. शेवटच्या वेळी आला तेव्हा काकीचं कशावरून तरी डोकं फिरलेलं होतं. बांगडे शिळे आहेत म्हणून तिने परत टोपलीत टाकले. भवानीचे मासे परत केले. तो गेला, आणि परत आला नाही.

"बांगडे ताजे होते रे," काकी मला म्हणाली. "माकाच कळला नाय. त्याका सांगशात?"

संध्याकाळी मी मालवणच्या मासळी बाजारात चौकशी केली. बाबी काकीकडे शेवटचा आला त्याच आठवड्यात जेटीवर छातीत कळ येऊन गेला होता. गाडी मेव्हण्याच्या नावावर होती, त्याने ती कणकवलीला डीलरला दिली. काकीला कळवायचं कुणाला सुचलं नाही. कोण लागत होती ती त्याची?

तिला सांगायचं काम बायकोने घेतलं. मंगळवारी पहाटे मला बाजारात पाठवून ताजे बांगडे आणायला लावले. आणि आम्ही पाऊण तास आधी निघालो. त्या दिवशी फणसाखाली गाडी बंद पडली, की मी ब्रेक लावताना क्लच दाबायला विसरलो, मला खरंच सांगता येत नाही. काकी आली. बायकोने सांगितलं. काकीने बॉनेटवर हात ठेवला. मग टोप पुढे केला. बांगडे वास न घेता, न बघता घेतले. कनवटीची दहाची नोट काढून बायकोला दिली. बायकोने ती स्टेअरिंगला लावली. "झाली रे भवानी, बाबी," काकी म्हणाली. "जा आता."

याला आठ महिने झाले. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. फणसाखाली नाही, कुठेच नाही. सचिन म्हणतो, पंपाचे सील बसायला वेळ लागला असेल सर. मला बरं वाटावं म्हणून म्हणतो, हे मला कळतं. सील वार बघून बसत नाहीत.

मी देवभोळा झालेलो नाही. उलट माझी चिडचिड वाढलीय. कारण न सापडता गेलेला दोष परत येतो, हे मीच शिकवलेलं, आणि माझी बायको त्या गाडीत बसते. बल्ब अजून डॅशबोर्डवर आहे, पारदर्शक पाइपही तसाच. लाल रेघ मारलेली ओळ मी खोडली आणि 'कारण'समोर काय लिहायचं ते मला अजून माहीत नाही. माझ्याच नियमाने मी नापास.

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र आम्ही घरून पाऊण तास आधी निघतो. डिकीत बांगडे नाहीतर पेडवे असतात. फणस आला की मी बल्बकडे बघतो, बायको पायऱ्यांकडे बघते. गाडी आता तिथे बंद पडत नाही. मीच बंद करतो.