दोन घरांचा पंप

रेइनो कंगासला बोलतं करणं म्हणजे ओलं लाकूड पेटवणं. पण त्या सकाळी अंगणातल्या, लाकडावर चालणाऱ्या बॉयलरचं गरम पाणी फिरवणारा पंप बंद पडला, घरातले रेडिएटर गारठले, आणि त्याला शर्लीनच्या पंप-पाइपांच्या दुकानात जाऊन तोंड उघडावंच लागलं.

“मोठा पंप दे,” तो म्हणाला. “माझं घर चढावर आहे.”

“शाळेतही तू असाच होतास,” शर्लीन म्हणाली. वर्गमैत्रीणच ती, तिला कसली भीड! “अरे, पाणी चढवायचं नाहीये, फिरवायचंय. चढतं तेवढंच उतरतं. पाइप किती लांब, वळणं किती, घरं किती, ते सांग.”

घरं किती? घोडं तिथेच अडलं.

अंगणापलीकडचं घर त्याच्या मुलीचं, आयलाचं; तेही याच बॉयलरवर तापायचं. नवऱ्याच्या नोकरीपायी ती टेक्सासला गेली, त्याला तीन हिवाळे झाले. जाताना म्हणाली होती, “पप्पा, आम्ही परत येणारच आहोत, घर तेवढं गरम ठेवा.” तेव्हापासून हा गडी दोन घरांची लाकडं एकटा फोडत होता.

“एका घराला लहान पंप पुरेल,” शर्लीन आवाज उतरवून म्हणाली. “तिकडच्या नळांतलं पाणी काढून टाकू, म्हणजे गोठून ते फुटायचे नाहीत. आणि तो तुझा जमिनीत पुरलेला पाइप! वरचा बर्फ वितळतो म्हणजे निम्मी लाकडं तू जमीन तापवायला जाळतोस.”

“वितळू दे.”

पाइप पुरताना रेइनोनं ऊब धरून ठेवणाऱ्या आवरणासाठी हात आखडला होता, हे खरं. पण त्यामुळे भर हिवाळ्यातही दोन घरांमध्ये एक काळी, ओली पट्टी उघडी राहायची. तिच्यावरून आयला नुसत्या सपाता घालून, वेलचीच्या गरम पावाचं ताट घेऊन यायची. सकाळची कॉफी तिच्याशिवाय त्याला अजून गोड लागत नव्हती. फार आठवण यायची तिची.

“दोन घरांचा दे,” तो म्हणाला.

पंप बसला, दोन्ही घरांचे व्हॉल्व्ह उघडले. दुपारपर्यंत बर्फात पट्टी उमटली, तसा हरखून त्यानं आयलाला फोन लावला.

“पप्पा,” ती घुटमळली, “आम्ही इथेच घर घेतलं. तुम्हाला कसं सांगू तेच कळत नव्हतं. तिकडचं विकून टाका ना.”

“बरं केलंस,” तो म्हणाला, आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून त्यानं फोन ठेवला.

मग तिकडचा व्हॉल्व्ह बंद करायला तो सपातांवरच बाहेर पडला. बॉयलरपाशी जाऊन व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि थबकला. इतकी वर्षं तीच यायची. हा बाप आपण होऊन तिच्याकडे म्हणून कधी गेला नव्हता. पाव आयता दारात येत होता ना!

व्हॉल्व्ह उघडाच सोडून तो ओल्या पट्टीवरून चालत पलीकडे गेला. तिचं दार उघडलं. आत छान ऊब होती.